बिनकट वीस मिनिटं

जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं सेकंड-हँड ग्राफिक्स कार्ड.

फळ्यावर त्रिकोण, दोनच बाजूंचा.

'पाठ १२ अंतिम'. 'पाठ १२ अंतिम नक्की'. 'पाठ १२ आता शेवटचा'.

सोळा जीबी रॅम. गेल्या आठवड्यापर्यंत चार होती.

ताटात एक पापड कमी.

क्षितिजने कार्ड खाचेत बसवलं, टक् आवाज होईपर्यंत दाबलं आणि कॅबिनेटचं झाकण न लावताच बटण दाबलं. अकरा वर्षांच्या डेस्कटॉपचे पंखे घरघरले. दारात त्याची आई, शकुन, उभी होती.

"आता काय घालायचं राहिलंय त्यात? साजूक तूप?"

"आई, हे शेवटचं."

"रॅमच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

गुरुवारची दुपार होती. शुक्रवारी पाठ पाठवायचा होता. त्याचे बाबा, चारुदत्त, कलकत्त्यात बालीगंजच्या एका खासगी शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. पेन्शन नाही. ऑनलाइन शिकवण्या चालवणारी एक कंपनी त्यांना वर्षभराचं काम द्यायला तयार होती, एकाच अटीवर. वीस मिनिटांचा पाठ. एकही कट नको.

कटाशिवायच तर त्यांचं भागत नव्हतं. बाबा खोलीचं दार लावून एकटेच शिकवायचे, समोरचा कॅमेरा थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा, आणि जानेवारीपासून ते रेकॉर्डिंग मधेच अडकायचं. बाबांचा हात फळ्यावर थांबायचा. त्यांचा आवाजही थांबायचा. दोन-चार सेकंदांनी सगळं पुन्हा सुरू. क्षितिज तेवढा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं जोडायचा. सहज पाहणाऱ्याला पत्ता लागत नसे, पण बारकाईने पाहिलं की सांधा दिसायचा.

म्हणून मशीन. नवं घ्यायची ऐपत नव्हती, आईने अठरा हजार काढून दिले होते. आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. मशीन पंधरा सेकंदांत जागं व्हायला लागलं, रेकॉर्डिंग अडकतच राहिलं. मग रॅम. मग चांदनी बाजारातल्या दुकानदार तपनदाकडून हे कार्ड, आणि कार्डाची भूक भागेल असा मोठा पॉवर सप्लाय.

बाबांनी दार लावून घेतलं. वीस मिनिटांनी बाहेर आले, हाताला खडू, चेहरा खूश.

"मस्त झाला," ते म्हणाले आणि चहाला गेले.

क्षितिजने फाइल लावली. अकराव्या मिनिटाला बाबा थांबले. सात सेकंद.

त्याने तुकडा तपनदाला पाठवला आणि फोन लावला. दादा, कार्ड खराब दिलंत, परत घ्या. तपनदाने पाच मिनिटं मागितली. तीन मिनिटांतच फोन आला. एरवी दुकानभर आवाज करणारा माणूस हळू बोलत होता.

"कार्ड ठीक आहे, भाई. मशीन ठीक आहे. तू पडदा बघ."

क्षितिजने तो तुकडा पुन्हा लावला. बाबा फळ्यासमोर. खडू फळ्याला टेकलेला, डोळे उघडे, कुठेच नसलेले. त्यांच्या मागे खिडकीचा पडदा फुगला, बसला, पुन्हा फुगला. खालच्या गल्लीतून सुरीला धार लावणाऱ्याची हाक आली, अख्खी, कुठेही न तुटता. कॉम्प्युटरने सातही सेकंद नीट टिपले होते.

कापलेले तुकडे त्याने कधी पुसले नव्हते. एकेचाळीस होते. जुन्या मशीनवर दोन फाइली एकत्र उघडल्या तरी ते गुदमरायचं, आज एकेचाळीस तुकडे ओळीने सरसर चालले. प्रत्येकात काही ना काही हलत होतं. कॅलेंडरचं पान. माशी. बाबा सोडून सगळं. जानेवारीत दोन सेकंद. मार्चमध्ये चार.

घरात हे कुणाला दिसलं कसं नाही? घराचा नियमच तसा होता. पणजोबा कलकत्त्याला आले तेव्हापासूनचा. जेवताना फक्त मराठी. बंगाली शब्द निसटला की ताटातला पापड गेला. मराठी शब्द आठवत नसेल तर थांबायचं, आणि इतरांनी सुचवायचं नाही, वाट बघायची; फारच वेळ लागला तर तेव्हाही पापड गेला. तीन पिढ्या त्या शांततेत जेवायला शिकल्या होत्या. गेल्या रविवारी बाबा "मला जरा ते..." म्हणाले आणि हात पुढे करून बसून राहिले. आई नि क्षितिज निवांत भात कालवत होते. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "मीठ."

"तेहतीस वर्षं मास्तर होते," आई हसत म्हणाली, "मीठ आठवेना! द्या पापड." क्षितिजही पोट धरून हसला होता.

पण पाठ तर बंगालीत होता. बंगालीत बाबांना शब्द शोधावा लागत नव्हता.

बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"काय रे, पाठवायचा ना?"

"बाबा, अकराव्या मिनिटाला तुम्ही थांबलात."

तो 'मशीन' म्हणाला नाही. बाबांनी मॉनिटरकडे पाहिलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

"किती?"

"सात सेकंद."

"दिसणार नाही असा कट येईल? आता कार्ड आहे ना नवीन?"

"येईल," क्षितिज म्हणाला. आता खरंच येणार होता. त्याने माऊसवरचा हात काढला, वळला आणि बाबांच्या हातातला कलंडायला लागलेला कप धरला.

नऊ जानेवारीला बेहाला भागातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी चारुदत्तांना औषधांची चिठ्ठी लिहून दिली होती, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन ते क्षितिजला म्हणाले होते, "आपला कॉम्प्युटर फार जुना झालाय रे."