हट्टीला इंग्रजीत काय म्हणतात?

“बाई, हट्टीला इंग्रजीत काय म्हणत्यात?” सुंदररावांनी विचारलं.

वनिताबाई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. समोर कॉलेजचे अध्यक्ष सुंदरराव, ज्यांना सगळे आबा म्हणत. शेजारी त्यांचा पुतण्या सुरज. टेबलावर मोबाईल. त्यावर लंडनहून फोन येणार होता. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना रूपालीबद्दल अध्यक्षांचं मत हवं होतं.

रूपाली म्हणजे गावातल्या कचरूची पोरगी, बाईंची लाडकी विद्यार्थिनी. सुरजच्या चोरट्या वाळूच्या गाड्या तिनं गेवराईजवळ भर रस्त्यात अडवल्या आणि व्हिडिओ गावभर केला. तेव्हापासून सुरज डूख धरून होता.

“आबा, असे शब्द टाका की पोरगी हितंच राह्यली पाह्यजे,” सुरज म्हणाला. “तुमाला येत न्हाई तर बाई हायेत की सांगायला.”

आबांची निवडणूक सुरजनं जमवलेल्या पोरांवर चालायची. त्यामुळं घरात शब्द त्याचाच. आणि आबांचं इंग्रजी? अहो, सगळं कॉलेज हसायचं! इंग्रजी पेपर रोज नुसता तोंडापुढं धरायचे. आजचाही टेबलावर पडला होता. त्यातलं शब्दकोडं कुणीतरी पेनानं भरत आणलं होतं.

कॉलेजात इंग्रजीला आणखी दोघं होते. आबांनी नेमकं आपल्यालाच का बोलावलं, या विचारानं बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

हट्टी म्हणजे ‘ऑब्स्टिनेट’. शब्द अगदी जिभेवर आला. तो उच्चारला की रूपालीचं लंडन संपलं! पण त्याच्या शेजारीच दुसरा एक होता. धरलेलं न सोडणारी, पण कौतुकानं म्हटलेलं.

“टिनेशस,” बाई म्हणाल्या.

त्यांची नोकरी हंगामी होती. दरवर्षी ऑर्डरवर सही याच टेबलावर व्हायची.

“अन् फटकळ?”

‘रूड’ गिळून त्यांनी मनमोकळ्या माणसाचा शब्द दिला. “कँडिड.”

“गर्विष्ठ?”

“सेल्फ-अश्युअर्ड.” म्हणजे आत्मविश्वासाची.

सुरजनं मान वर केली. “त्याला अ‍ॅरोगंट म्हणत्यात ना? म्या पिच्चरमधी ऐकलंय.”

“तो शिवीसारखा वाटतो. अध्यक्षांच्या तोंडी सभ्य शब्द बरा. वार तोच बसतो.”

“स्पेलिंग सांगा बरं. बघतो मोबाईलमधी.”

बाईंच्या मनात आलं, मेले आता! तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सुरजनं स्पीकर लावला.

पलीकडच्या मॅडमनी विचारलं, मुलगी कशी आहे? आबा अडखळत म्हणाले, “शी इज... टिनेशस. कँडिड. सेल्फ-अश्युअर्ड.”

बाईंना हायसं वाटलं. पण मॅडमनी लगेच विचारलं, तुम्ही तिची शिफारस करता का?

‘येस’ आणि ‘नो’ तर सुरजलाही कळत होतं! त्यानं बोट हलवून ‘नो’ची खूण केली. बाईंना एक शब्द सुचेल तर शपथ. गेलं सगळं पाण्यात!

“अनहेजिटेटिंगली,” आबा म्हणाले. फोन बंद झाला.

“म्हंजी काय ओ?” सुरजनं विचारलं.

“बाईंनीच मघाशी सांगितलेला शब्द. म्हंजी अजिबात नको.” आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. “हाय का न्हाई, बाई?”

बाईंनी नुसती मान हलवली. सुरज खूश होऊन निघून गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली.

‘अनहेजिटेटिंगली’ हा शब्द बाईंनी सांगितलाच नव्हता. त्याचा अर्थ होता, बेलाशक, अगदी निःसंकोच.

आबांनी पेपर पुढं ओढला, खिशातलं पेन काढलं आणि कोड्यातली उरलेली घरं भरता भरता म्हणाले, “म्हणून तर तुमाला बोलावलं, बाई. दुसऱ्या कुणी खरंच वाईट शब्द सांगितले असते.”