गल्लीतला आकडा

सकाळीच कट्ट्यावर हणमंतरावांनी निकाल देऊन टाकला होता, "बेकारी-बिकारी सगळी पेपरातली. पोरांना कामच नको असतं. आपल्या गल्लीत दाखवा बरं एक तरी बेकार!" बाकीच्या निवृत्त मंडळींनी माना डोलावल्या होत्या.

दुपारी रोजगाराच्या पाहणीसाठी एक मुलगी टॅब घेऊन हणमंतरावांच्या दारात आली. तीस वर्षांचा मुलगा काय करतो, असं तिने विचारलं.

"तयारी करतोय, स्पर्धा परीक्षेची," हणमंतराव सवयीने म्हणाले. "रोज अभ्यासिकेत जातो."

"काम मिळालं तर करतील का ते?"

हणमंतराव 'नाही' म्हणणार, तोच मुलगा जेवणावरून उठून उष्ट्या हातानेच बाहेर आला. "कुठलंही करीन, मॅडम. अभ्यासिका सोडून दोन वर्षं झाली. रोज कामच शोधत फिरतो. घरी सांगायचा धीर होत नव्हता."

मुलीचं बोट टॅबवर थबकलं. "सकाळपासून अकरा घरं झाली, काका. कुठे तयारी, कुठे 'लवकरच जॉइन होणार'. खरं सांगणारे हे पहिलेच."

हणमंतरावांना मुलाकडे बघवेना. "लिहा," ते म्हणाले. "बेकार लिहा." मग मुलाला हळूच म्हणाले, "जा, भात गार होतोय."

संध्याकाळी कट्ट्यावर पुन्हा तोच विषय निघाला.

"एक आहे," हणमंतराव म्हणाले, "माझ्या घरात."

मग शेजारच्या गुरुजींनी हातातल्या पेपरची घडी घातली.

"तीन धरा. माझेही दोघे घरीच आहेत."