तुम्ही आहात तोवर

घरमालकाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी त्याने घर विकायला काढलं. घेणाऱ्याची एकच अट होती. मागच्या खोलीत भाडेकरू आहे, तो राहणार की खोली सोडणार, हे आपल्या वकीलबाईंनी त्याच्याच तोंडून ऐकावं.

भाडेकरू घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. आजारी पडल्यापासून तो पडद्यामागच्या खाटेवर असतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्या दोरीवर मात्र त्याचे धुतलेले सदरे रोज वाळत.

दार त्याच्या बायकोने उघडलं, तेही अर्धंच.

"वहिनी, घड्याळजींना जरा बोलवा. या वकीलबाई."

"त्यांना उठवत नाही, भाऊ. मी विचारून येते."

ती पडद्याआड गेली. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, जुनी, घोगरी. घरमालक वकीलबाईंकडे बघून हसला. "दुकानातली घड्याळं कधीच बंद पडली. आमचे घड्याळजी काही थांबत नाहीत."

ती बाहेर आली. "राहणार म्हणतात."

"मला त्यांच्या तोंडून ऐकायला हवं, मावशी," वकीलबाई म्हणाल्या. "दोन शब्द पुरेत."

"बरं, सांगते." ती वळली आणि पडद्यापाशी घुटमळली.

"काय वहिनी, तुम्ही पण," म्हणत घरमालक पुढे झाला आणि त्याने पडदा सारला.

खाटेवर गादी नव्हती. नुसत्या फळ्या, आणि त्यांवर इस्त्री केलेले सदरे एकावर एक. उशाशी चष्मा.

घरमालकाने पडद्यावरचा हात काढला आणि तो आपल्या पँटला पुसला.

"मग रोज सकाळी भिंतीतून ऐकू यायचं, ते?"

"मीच. इतकी वर्षं शेजारी झोपले, येतं ते."

"पण कशापायी?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, भाऊ. याच दारात. 'तुम्ही आहात तोवर खोली तुमची.'"

"ते मी त्यांना म्हणालो होतो."

"तेच की. म्हणून ते असायला हवे होते."

वकीलबाई उंबऱ्यावरच टेकल्या. "मावशी, ते होते तेव्हा तुम्ही इथेच राहत होतात?"

"नाहीतर कुठे जाणार?"

"मग त्यांच्यामागे भाडेकरू तुम्हीच. सोबत राहणाऱ्या बायकोकडे खोली येते. घर विकलं गेलं तरी नवा मालक तुम्हाला असं उठवू शकत नाही. यांच्या मनात काहीही असो, कायद्याने त्या 'तुम्ही'त तुम्हीही होतात."

"कधीपासून?"

"ते गेले त्याच दिवसापासून."

ती फळ्यांच्या कडेला बसली. वरचा सदरा मांडीवर घेऊन तिने त्याची कॉलर सरळ केली, पुन्हा केली. मग घरमालकाकडे पाहिलं.

"म्हणजे आता रडलं तर चालेल? तुमच्याकडे ऐकू आलं तरी?"



घड्याळजी वारला तो आदल्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, परगावी आपल्या बहिणीच्या घरी.