चौथी मात्रा

“थांब, थांब!” डाबरेकाकांनी हात वर केला, तशी वसईच्या हॉलमधली तालीम थांबली. “कागदावर चार मात्रा थांबायचं लिहिलंय. तू तीनच थांबलीस.”

सॅक्सोफोन गळ्यात अडकवलेली मुलगी गोंधळली. “पण काका, रेकॉर्डवर तुम्ही तसंच वाजवलंय.”

वाजवलं होतं खरं. हॉटेलांत जॅझ वाजवता वाजवता सिनेमात आलेल्या काकांनी शेहेचाळीस वर्षांपूर्वी या गाण्याची सगळी वाद्यरचना लिहिली, सॅक्सोफोनही स्वतःच वाजवला, आणि आपणच लिहिलेल्या जागी आपणच चुकले. गायिकेचा शेवटचा शब्द संपायच्या आत, एक मात्रा आधीच, सॅक्सोफोनचा सूर निघून गेला. तिला दुसऱ्या रेकॉर्डिंगला पळायचं होतं, म्हणून चूक तशीच राहिली. पुढे काकांनी शेकड्यांनी गाणी सजवली, पण हे गाणं रेडिओवर लागलं की ती जागा यायच्या आत ते बटण बंद करायचे.

“चूक होती ती, पोरी.”

“चूक?” मुलगी हसली. “गायिकेचा शब्द विझायच्या आत सॅक्सोफोन येऊन तो उचलून धरतो. त्या एका जागेपायी मी आईची सतार सोडून हे वाद्य घेतलं. आई अजून धड बोलत नाही माझ्याशी.”

काकांनी तिला पुन्हा वाजवायला लावलं. या खेपेला डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी आपल्याच अक्षरातली चौथी मात्रा खोडली.

“कागदच चुकला होता,” ते म्हणाले. “चला, पहिल्यापासून.”