मिठाची वाट

वाट होती याचा पुरावा दाखवा, असे वनखात्याचे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा हसावे की कपाळ बडवून घ्यावे ते लच्छू मडावीला कळेना. साहेब उभे होते त्याच वाटेवर.

या वाटेने नदीघाट तासाभरावर. तिथून डोंग्याने गोदावरी ओलांडली की तेलंगणातला बाजार. पण राखीव जंगलात वर्दळ नको म्हणून खात्याने खिंडीत छातीइतकी दगडी भिंत घालून ये-जा बंद केली. आता चारोळी विकायची तर सत्तर किलोमीटरचा वळसा, तोही जीपवाल्याची मर्जी असेल तर. ग्रामसभेचा अध्यक्ष म्हणून लच्छूने अर्जांवर अर्ज केले. सात महिन्यांनी ही पाहणी.

नकाशात इथे नुसते जंगल आहे, साहेब म्हणाले. आणि आपला बाजार सोडून परराज्यात जायची एवढी हौस कशाला?

“साहेब, बाजार आधीचा हाय,” लच्छू वैतागून म्हणाला. “हद्द तुमी मंग आणली.”

त्याची काकू बुधरी चारोळीची टोपली घेऊन सकाळपासून ताटकळली होती. तीच मग बोलली. तिच्या आजाच्या काळी बैलांचे तांडे याच खिंडीतून समुद्राचे मीठ आणत आणि मोहा, चारोळी घेऊन जात. म्हणून ही मिठाची वाट. खिंडीतल्या देवाला एक दगड वाहायचा, मगच पुढे जायचे. तांडेवाल्यांनी वाहिले, गावाने वाहिले. त्या दगडांचा माणसापेक्षा उंच ढीग झाला होता.

साहेबांचा चेहरा उजळला. असे काहीतरी हवे होते, म्हणत त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि ढीग कुठे आहे ते विचारले.

लच्छूने भिंतीवर थाप मारली.

“हे भिंत मंजे तोच ढीग, साहेब,” लच्छू म्हणाला. “तुमच्या ठेकेदारानं बाहेरून एक दगड आणला नाई.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, आणि लिहिले: सदर ठिकाणी भिंत आढळली. वाट आढळली नाही. खाली लच्छूची सही मागितली. त्याने ते पेन जंगलात भिरकावून दिले नाही एवढेच.

बुधरीने टोपली खाली ठेवली. पायाशी पडलेला एक दगड उचलून तिने भिंतीवर ठेवला, हात जोडले, पदर खोचला आणि भिंतीच्या फटीत पाय रोवला.

“लच्छू, टोपली दे बा वरतं,” ती म्हणाली. “बाजार उठून जाईन.”