मतदानाचा सोबती

माझ्या बायकोला, साळुबाईला, चार वर्षांपासून दिसत नाही. लोकसभेच्या प्रचारात महिनाभर तिनं मोबाईलवर दोन्ही बाजूच्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आणि ठरवलं, "जो दुसऱ्याला शिव्या न देता बोलला, त्याच्या माणसाला माझं मत."

मी म्हणायचो, "गोड बोलून देश चालतो व्हय?"

ती म्हणायची, "मग शिव्या देऊन चालतो का?"

मतदानाच्या दिवशी अवसरीच्या शाळेत मी तिचा सोबती म्हणून आत गेलो. ती सांगेल त्यालाच मत देईन, असं लिहिलेला कागद मी स्वतः वाचला आणि साठीनंतर शिकलेल्या अक्षरांत खाली सही केली. यंत्रापाशी ती हळूच म्हणाली, "त्यालाच हं, कारभारी."

"व्हय," म्हणालो आणि माझ्या पसंतीच्या माणसाचं बटण दाबलं. यंत्र वाजलं, तशी तिनं हात जोडले.

बाहेर आमची नात तेजस्विनी उभी होती. फुरंगटून म्हणाली, "आजी, मी येते म्हणत होते ना? मला का नाय नेलंस?"



साळू हसली. "तू तुझंच बटण दाबलं असतंस गं बये. ह्यांचं तसं न्हाई."