बेलार्मिनोची साठी

नेफ्तालीने ओळखपत्र हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "अठ्ठावन्न."

मग ते बेलार्मिनोला परत देत म्हणाला, "सामना साठीपुढच्यांचा आहे, पोरा. दोन वर्षांनी ये."

साखर कारखान्यामागच्या त्या बेसबॉलच्या मैदानावरचे झाडून सगळे म्हातारे हसले. बेलार्मिनो हसला नाही. महिनाभर त्याने जुन्या ग्लव्हला तेल चोळलं होतं. रोज पहाटे, शेजारी उठायच्या आत, अंगणात वाकून जमिनीला हात लागतो का ते पाहिलं होतं. हात लागायचा, पण परत सरळ होईतो कॉफी गार व्हायची. कागदावर साठी यायला अजून दोन वर्षं होती आणि गुडघे काही तेवढे थांबणार नव्हते. शिवाय त्याला धरूनच संघात नऊ जण होते. तो नाही तर सामना नाही.

"तुला माझं वय माहीत नाही?" तो हळूच म्हणाला. "एका बाकावर बसायचो आपण."

"मला काय कळतंय? मी अडाणी माणूस. सरकार म्हणतं अठ्ठावन्न."

नेफ्ताली आज समोरच्या संघाचा कप्तान होता खरा, पण हे दुखणं आजचं नव्हतं. अमेरिकेतल्या एका संघाचा माणूस याच मैदानावर पोरं पारखायला आला होता, तेव्हा दोघंही एकवीस वर्षांचे होते. नेफ्तालीने विचारल्यावर खरं वय सांगितलं. त्या माणसाला सतरा-अठराची पोरं हवी होती; तो मान हलवून पुढच्या पोराकडे वळला. पुढचा पोरगा बेलार्मिनो होता. त्याने सतरा सांगितलं, आणि तसा दाखला त्याच्या आईने आधीच राजधानीतून, सान्तो दोमिंगोहून, आणून ठेवलेला होता. तो विमानात बसला. दोन हंगाम तिकडे खालच्या संघांतून खेळला आणि खांदा मोडून घेऊन परत आला. तरी गावाने त्याला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून तेव्हा त्याला चुकवून चेंडू काय, वारासुद्धा जात नसे, असं लोक अजून सांगतात.

कागदावरची चार वर्षं मात्र गेली ती गेलीच. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोलणार कोण? घरटी एक कागद असाच होता. ठाऊक नव्हतं ते फक्त परगावाहून लग्न होऊन आलेल्या झुनिल्दाला, म्हणजे बेलार्मिनोच्या बायकोला. ती आत्ता प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर छत्री उघडून बसली होती.

झुनिल्दा साठ वर्षांची. सासू मरेपर्यंत तिला 'थोरली' म्हणत होती. आमच्या कोवळ्या पोराला हिने गटवलं, असं आल्यागेल्याला सांगत होती. त्यापायी झुनिल्दाने जन्मभर केस रंगवले, आणि मेरेंगे नाचताना दम लागला तरी कधी नवऱ्याआधी खाली बसली नाही.

"काय हवंय तुला?" बेलार्मिनोने विचारलं.

"एक वाक्य," नेफ्ताली म्हणाला. "मोठ्याने."

बेलार्मिनोने पायऱ्यांकडे पाहिलं, मग मैदानाकडे. लाल मातीत त्याची जागा रिकामी होती. तिथे एकदा, फक्त एकदा, पुन्हा उभं राहायला मिळावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. त्याने टोपी काढली.

"मी बासष्ट वर्षांचा आहे. त्या दिवशी एकवीसचा होतो. नेफ्ताली खरं बोलला, मी खोटं बोललो."

नेफ्तालीने इतकी वर्षं वाट पाहिली, पण ऐकल्यावर पुढे काय म्हणायचं हे त्याने ठरवलंच नव्हतं. शेवटी तो पंचांना म्हणाला, "मग खेळू दे की त्याला. उन्हात कशाला उभं केलंय?"

तोवर झुनिल्दा छत्री मिटून खाली आली होती.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"कागद तिनेच आणला," बेलार्मिनो म्हणाला.

झुनिल्दाने मान डोलावली आणि ती परत पायऱ्या चढून गेली. त्यापेक्षा तिने छत्री पाठीत घातली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सामना सुरू झाला. पहिला फटका नेफ्तालीचा. चेंडू सरपटत, अगदी सावकाश बेलार्मिनोकडे आला. मनाने त्याने तो केव्हाच उचलून फेकला होता. कंबर मागाहून निघाली. चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून आरामात पलीकडे गेला आणि नेफ्ताली लंगडत पहिल्या बेसवर पोचला.

बेलार्मिनो तसाच वाकून राहिला, कारण सरळ व्हायला वेळ होता. पायऱ्यांवरची कोणीतरी बाई फिसकन हसली.

झुनिल्दा उठून उभी राहिली. नवऱ्याला, नेफ्तालीला आणि सासू जिथे कुठे असेल तिथे तिलाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "हसू नका गं. मोठा आहे तो माझ्याहून. मलाच सांभाळून घ्यावं लागतं."